चार मान्य, एक बिडी

कुणावरही काडीचा भरवसा न ठेवता सगळ्या जगावर माया करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि दैवयोगाने तो माझाच साडू निघाला. साडू हे नातं तसं बिनकामाचं. लग्नकार्यात शेजारी बसायचं, सासुरवाडीचे टॉवेल-टोपी एकाच वेळी स्वीकारायचे आणि सासूबाईंच्या आमटीबद्दल एकमेकांकडे बघून गप्प राहायचं, एवढीच त्याची कर्तव्यं. पण आमचे साडू या चौकटीत मावणारे नव्हते. माझ्या पहिल्या दिवाळसणाला आम्ही दोघे जावई पाटावर बसलो होतो आणि सासूबाई म्हणाल्या, "पाणी काढलंय, कढत आहे, बेतानं घ्या." मी उठायला लागलो, तर साडूंनी माझा हात धरून मला खाली बसवलं आणि अत्यंत आदराने सासूबाईंना विचारलं, "कढत आहे हे तुम्ही पाहिलंत. आणखी कुणी पाहिलं?" त्या दिवशी मी शहाणा झालो. सासूबाई मात्र पुढे कितीतरी वर्षं आंघोळीच्या पाण्याचा विषय निघाला की माझ्या बायकोकडे बघून सुस्कारा टाकत.

साडूंची उभी नोकरी भिवपुरीच्या वीजघरात गेली. तिथे म्हणे अशी पद्धत होती, की एकाने कळ दाबायच्या आधी काय करणार ते मोठ्याने म्हणायचं, दुसऱ्याने ते ऐकून मोठ्याने परत म्हणायचं, आणि मगच बोट पुढे न्यायचं. डोंगरावरून येणाऱ्या पाण्याशी गाठ असल्यावर हे बरोबरच आहे. पण साडूंनी ही पद्धत कामावरून घरी आणली आणि दारातून आत घेतली ती कायमचीच. जेवायला बसल्यावर ते मोठ्याने म्हणायचे, "मीठ?" आणि ताईंनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीने, चुलीपासून ओरडायचं, "टाकलं!" मग ते पहिला घास घेत. घराला कुलूप लावायचं तर ताईंनी किल्ली फिरवायची, साडूंनी ओढून पाहायचं आणि शेजारच्या घरातल्या कुणीतरी ओसरीवरून "लागलं" असं म्हणायचं. आमच्या मेहुण्याच्या साखरपुड्याला ही दोघं पंगती उठल्यावर पोचली, कारण त्या दिवशी शेजारी सगळे कर्जतच्या दवाखान्यात गेले होते आणि ते परत येईपर्यंत ही दोघं नटूनथटून कुलपापाशी उभी होती. ताई मला म्हणाल्या, "पैठणीचा पदर घामानं भिजला रं भाऊ, पन ह्यांचं कुलूप काय लागंना."

निवृत्तीनंतर माणसं देवाला लागतात किंवा बागेला. आमचे साडू ब्लॉकचेनला लागले. पुण्याच्या मुलीने त्यांना मोठ्या पडद्याचा फोन दिला होता, त्यावर कुणाचं तरी व्याख्यान ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांचा मला खोपोलीला फोन आला. आवाज असा कापत होता की मला वाटलं घरात काहीतरी बरंवाईट झालं. ते म्हणाले, "साडूभाऊ, जगात माझ्यासारखी आणखी माणसं आहेत!" मी तातडीने भिवपुरीची वाट धरली. प्रोटोकॉल हा शब्द मी तोवर मंत्री आले की पहिला हार कुणी घालायचा एवढ्यापुरता ऐकला होता. साडूंनी मला ओसरीवर बसवलं, चहा मागवला, तो दोघांनी गोड असल्याचं जाहीर केल्यावर घोट घेतला आणि मग समजावायला सुरुवात केली. "असं बघा, गावात एक वही असते. ती एकाकडे असते. त्याने पान फाडलं, की गाव बुडालं. आता समजा तीच वही सगळ्यांच्या घरी आहे. एकाने पान फाडलं तर बाकीच्यांकडे आहेच. झालं? नाही झालं. कारण नवं पान कुणी लिहायचं? ते खरं आहे हे कुणी पाहायचं? दोघांनी एकदम लिहिलं तर कुठलं धरायचं? आणि एखादा लबाड निघाला तर त्याचं काय करायचं? या सगळ्याची उत्तरं भांडण व्हायच्या आधीच ठरवून ठेवायची आणि प्रत्येकाने आपापल्या घरी बसून तीच पाळायची, त्याला म्हणायचं प्रोटोकॉल." मी विचारलं, "पण या सगळ्यांचा मालक कोण?" साडूंचा चेहरा उजळला. "मालकच नाही! तेच तर!" "मग नियम कुणी केले?" त्यावर त्यांनी चहाचा उरलेला घोट संपवला आणि ते म्हणाले, "तो भाग नाजूक आहे."

साडूंना ब्लॉकचेन कळतं ही बातमी पसरल्यावर लोकांना वेगळंच कळलं. नेरळच्या नव्या वसाहतींतून दोघे-चौघे आडून आडून विचारायला आले, की ब्लॉकचेनवरचं कुठलं नाणं घ्यावं. साडू त्यांना आदराने बसवत आणि तासभर नियम सांगत. त्यांनी एकही नाणं घेतलेलं नव्हतं आणि घ्यायची इच्छाही नव्हती. "नाणं हा त्यातला प्रसाद आहे हो, मी पूजेला आलोय," असं ते म्हणायचे. पाहुणे मग दाराकडे बघत बघत चहा संपवत आणि पुन्हा येत नसत.

नवी विद्या हाती आली की ती घरावर करून बघायची हा पुरुषजातीचा जुना रोग. साडूंना कुठेतरी कळलं होतं, की ब्लॉकचेनच्या काही साखळ्यांमध्ये पुढचं पान लिहायचा मान ज्याने आधी अवघड कोडं सोडवलं त्याला मिळतो. कोडं सोडवायला घाम गाळावा लागतो, पण सुटलेलं उत्तर बरोबर आहे का हे बाकीचे एका नजरेत तपासतात. म्हणून लबाडी परवडत नाही. याला म्हणे काम केल्याचा पुरावा म्हणतात. साडूंनी जाहीर केलं, की रोज सकाळी वर्तमानपत्रातलं आकड्यांचं कोडं जो आधी सोडवील, त्याने त्या दिवशी काय शिजवायचं ते ठरवावं. ताईंनी दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी परात साडूंच्या मांडीवर आणून ठेवली आणि म्हणाल्या, "काम केल्याचा पुरावा पायजे ना? ही घ्या. भाकरी थापा. फुगली तर मी एका नजरंत सांगते बरोबर हाय का." भाकरी फुगली नाही. ती भाकरी आहे, यावरच एकमत होईना. त्या दिवसापासून स्वयंपाकघर साखळीच्या बाहेर राहिलं.

त्यातूनही त्यांनी एक गोष्ट उचललीच. या जाळ्यांमध्ये निरोप पसरवायची रीत अशी असते, की प्रत्येकाने आपल्या शेजारच्या दोघा-तिघांना सांगायचं, त्यांनी त्यांच्या दोघा-तिघांना, आणि बघता बघता सगळ्यांना कळतं, मध्यवर्ती कचेरी लागत नाही. साडू मला म्हणाले, "याला परदेशात फार डोकं लावलंय. आपल्याकडे तुमच्या ताई आणि काशीमावशी आहेत." काशीमावशी म्हणजे शेजारच्या शेताची मालकीण, एकटी, मुलगी नेरळला दिलेली. साडूंनी प्रयोग म्हणून एक दिवस ताईंच्या कानावर घातलं, की उद्या वीजघर पाणी सोडणार नाही. संध्याकाळी ते कर्जतला भाजी घ्यायला गेले, तर भाजीवालीने त्यांनाच सांगितलं, "उद्या पानी नाय बरं का, आठ दिस नाय म्हनतात." साडू हरखून घरी आले. "जाळं तयार आहे साडूभाऊ! वेग आहे, पल्ला आहे! फक्त खरं-खोटं तपासायची सोय तेवढी बसवायची."

ती बसवायची संधी पाण्यानेच आणून दिली. आमच्याकडे वीज करून झालेलं पाणी वीजघरातून बाहेर पडतं, पाटाला लागतं आणि त्यावर उन्हाळ्यात दुसरं भात होतं. बाकीचा मुलूख करपलेला असताना इथली खाचरं हिरवी असतात, आणि त्या हिरव्या रंगापायी माणसं एकमेकांच्या जिवावर उठतात. कुणी कधी पाणी घ्यायचं हे पाटकरी ठरवायचा. तो म्हातारा झाला, घरी बसला, आणि त्याच्या जागी कुणी येईना. साडूंच्या पाटावर सात जणांची शेतं. त्यांत साडू स्वतः, त्यांचे थोरले भाऊ दादा, काशीमावशी, एक निवृत्त गुरुजी, ठाकुरवाडीला रेल्वेत गँगमन असलेला एक गडी, आणि ज्यांना भांडण कुठलंही चालतं असे आणखी दोघे. पहिल्याच पंधरवड्यात एकाने दुसऱ्याची फळी रातोरात उपटली. या पाटावर शेतात पाणी घ्यायला लाकडी फळी उचलावी लागते. तीच उपटली म्हणजे दाराची चौकट नेल्यासारखं झालं. लोक साडूंकडे आले, कारण तीस वर्षं याच माणसाने वरून पाणी सोडलं होतं. ते म्हणाले, "तुमी पाटकरी व्हा." साडूंनी हात जोडले. "मालक नको. आपण प्रोटोकॉल करू."

तो प्रोटोकॉल ठरला त्या बैठकीला मी भजी खायला हजर होतो. सातही जण फोनवरच्या एका मंडळात, म्हणजे ग्रुपवर, आले. ज्याला पाणी हवं त्याने स्वतःच्या फोनवरून विनंती टाकायची. दुसऱ्याने त्याच्या वतीने टाकलेली चालणार नाही, कारण सही ज्याची त्याचीच. सातांपैकी चौघांनी "मान्य" लिहिलं की फळी उचलायची. लिहिलेलं पुसायचं नाही, आणि सातजणांतून कुणाला काढायचंही नाही. कुणी मधलं काही बदलू नये म्हणून प्रत्येक निरोपाचा पहिला शब्द हा आधीच्या निरोपाचा शेवटचा शब्द असला पाहिजे, गाण्याच्या भेंड्यांसारखं. "खऱ्या साखळीत सबंध पानाचा ठसा पुढच्या पानावर उमटतो," साडूंनी सांगितलं, "आपण एका शब्दावर भागवू." यातून पुढे गुरुजींनी घरातल्या आजारपणाची हकीकत लिहिल्यावर काशीमावशीला आपली विनंती "ओकारी, माझी पाळी मला द्या" अशी लिहावी लागली, पण तत्त्व शाबूत राहिलं. मग प्रश्न आला, की कुणाचं उत्तरच आलं नाही तर किती वेळ थांबायचं? हा प्रश्न खरा होता, कारण ठाकुरवाडीला डोंगराआड रेंज नसते आणि त्या गँगमनचे "मान्य" तो कर्जतला उतरला की एकदम डझनभर येत, तोवर पाणी खाडीला मिळालेलं असे. साडू मिनिटांत बोलायला लागले. दादा कोपऱ्यात बसले होते. ते म्हणाले, "माझी एक बिडी ओढून व्हईल तवर थांबा. त्याच्यावर कोन कुनासाठी थांबतंय?" गावात सगळ्यांना पटेल असं तेवढंच घड्याळ होतं. बिडी नियमात आली; ती संपली की आलेल्या उत्तरांवर पुढे जायचं.

दादांबद्दल सांगायला हवं. वडील लवकर गेले तेव्हा दादा शाळेत होते. त्यांनी पाटी ठेवून दिली आणि औत धरलं, म्हणून धाकटा शिकला आणि वीजघरात लागला. दादांनी हे कधी बोलून दाखवलं नाही. ते फारसं काहीच बोलत नसत. साडू जगातल्या प्रत्येक गोष्टीला दुसरा साक्षीदार मागत, पण दादांनी सांगितलेली गोष्ट ते कधी तपासत नसत. हे मी पाहिलेलं आहे. दादा म्हणाले "आंबा गोड हाय" की साडू चावत.

आता लबाडाचं काय करायचं, हा कळीचा प्रश्न. साडूंनी वाचलं होतं, की नव्या साखळ्यांमध्ये पडताळणी करणाऱ्याने आधी काहीतरी तारण ठेवायचं आणि लबाडी केली की ते जप्त. पैसे ठेवायला कुणी तयार होईना. शेवटी प्रत्येकाने आपल्या घरचा एक कोंबडा तारण म्हणून नेमला. कोंबडा आपापल्या अंगणातच राहायचा, फक्त त्याच्या पायात निळी दोरी. नियम मोडला, चौघांनी तसं मान्य केलं, की कोंबडा बाकीच्यांचा. कागदावर ही योजना निर्दोष होती. साडूंच्या एवढंच लक्षात आलं नाही, की परदेशातल्या तारणाचा रस्सा करता येत नाही. आठवड्याभरात पाटावरच्या माणसांचं लक्ष पाण्यावरून उडालं. माणसं दुसऱ्याच्या बांधावरून जाताना आधी अंगणात डोकावत. गुरुजींसारखा शाकाहाराचा पुरस्कार करणारा माणूस फळ्यांवर घड्याळ लावून बसू लागला. ते म्हणत, तत्त्व म्हणून. आणि सगळ्यांत थोर कोंबडा होता दादांचा, तांबडा, मानेवर सोनेरी झाक असलेला.

एक दिवस दादांची पाळी संपून गेली तरी त्यांच्या बांधापाशी फळी वरच होती. गुरुजींनी तिथूनच निरोप टाकला. साडू धावत गेले, मागे बाकीचे. दादा शांतपणे म्हणाले, "पुढची पाळी काशीची हाय. ती लेकीकडं गेली नेरळला. जाताना मला बोलली, दादा, माझ्या खाचराला लावा. तिचंच पानी तिला चाललंय." पाणी खरोखरच दादांच्या खाचराच्या कडेने पुढे काशीमावशीच्या शेतात चाललं होतं. पण मंडळावर तिची विनंती नव्हती आणि तिचा फोन लागत नव्हता. दादा धाकट्याकडे बघून म्हणाले, "मी सांगतोय ना रं?" मी त्या वेळी तिथे नव्हतो, हे मला ताईंनी सांगितलं, आणि सांगताना त्यांनी दोनदा पदर डोळ्यांना लावला. सगळे साडूंकडे बघत होते. नियम त्यांचाच. साडूंनी चष्मा पुसला आणि ते म्हणाले, "दादा, तुझा शब्द हा एक झाला. चार लागतात."

 दादा घरी गेले, निळ्या दोरीचा कोंबडा स्वतः पकडला, गुरुजींच्या दारात आणून सोडला आणि परत गेले. संध्याकाळी काशीमावशी नेरळहून आली आणि तिने गावभर ओरडून सांगितलं, की दादा अक्षर न् अक्षर खरं बोलले. साडू म्हणाले, नोंद पुसता येत नाही, पण आधीची नोंद चुकीची होती अशी नवी नोंद खाली करता येते. ती त्यांनी केली. कोंबड्याची मात्र नवी नोंद करता येईना, कारण तोवर तो शिजला होता.

त्यानंतर दादा साडूंशी बोलेनासे झाले. एका भिंतीला दोन घरं, एक विहीर, आणि शब्द नाही. इकडे पाटावर दोन तट पडले. दादांची बाजू घेणाऱ्यांनी वेगळं मंडळ काढलं; त्यात जुने निरोप सगळे तसेच, फक्त कोंबड्यापासून पुढचे निराळे. दोन्ही मंडळं म्हणू लागली, खरी साखळी आमचीच. साडूंचा मला फोन आला. "साडूभाऊ, फाटा फुटला! अगदी पुस्तकात असतो तसा! आता ज्या बाजूला जास्त..." आणि त्यांनी वाक्य अर्धवटच सोडलं.  मग ते म्हणाले, "दादा दोन्हीकडे नाही हो."

खरी पंचाईत पुढे झाली. वरून पाणी कमी यायला लागलं तसे दोन्ही तट गुपचूप जुन्या मंडळात परत आले. तहान लागल्यावर तत्त्वं फार वेळ टिकत नाहीत. पण दादा परत आले नाहीत. त्यांचं नाव मंडळात होतं, फोन खिशात होता, पण विनंती ते टाकेनात. त्यांनी नुसतं "पाणी" एवढं लिहिलं असतं तरी सहाच्या सहा "मान्य" आले असते. पण ज्याच्या शब्दाला किंमत नाही त्याने लिहून तरी काय उपयोग, असं त्यांच्या मनात असावं. आणि त्यांच्या वतीने दुसऱ्या कुणाला लिहिता येईना. पाळीमागून पाळी गेली. पाटाचं पाणी दादांच्या बांधाला घासून खाली जात होतं, आणि खाचराला भेगा पडत होत्या.

मी करवंदांच्या मोसमात गेलो, तेव्हा भर दुपारी साडू दादांच्या बांधावर बसलेले सापडले. डोक्यावर टॉवेल, हातात फोन, डोळे भाताकडे. मी शेजारी जाऊन बसलो. ते म्हणाले, "भात पोटरीत आलंय. आता पाणी नाही मिळालं तर लोंबी येईल, पण आत दाणा भरणार नाही. पोकळ." मी म्हटलं, "मग उचला की फळी." ते माझ्याकडे असे बघायला लागले, जसं मी वीजघराची कळ न सांगता दाबायला सांगितली होती. "माझी पाळी नाही. माझं शेत नाही. सही त्याची लागते." मी म्हटलं, "अहो, भाऊ आहे तुमचा!" साडूंनी डोक्यावरचा टॉवेल काढून मांडीवर त्याची घडी घातली. मग हळू म्हणाले, "या सगळ्या पद्धतीची गंमत काय आहे माहीत आहे? एकमेकांची ओळखदेख नसलेल्या माणसांना भरवसा न ठेवता एकत्र काम करता यावं म्हणून ती आहे. अनोळखी माणसांसाठी. मी ती घरात लावली." त्यांचे डोळे भरले होते. मला हसण्याची सवय आहे, साडूंना तर मी वर्षानुवर्षं हसत आलो, पण त्या वेळी हसू आलं नाही.

ते उठले आणि त्यांनी फळी उचलली. मोठ्याने काही म्हटलं नाही, मला काही म्हणायला सांगितलं नाही. पाणी आत शिरलं आणि भेगांमधून बुडबुडे निघाले. मग ते पुन्हा बांधावर बसले, फोन घेतला आणि निरोप टाकला, आधीच्या निरोपाचा शेवटचा शब्द तेवढा न चुकता पुढे घेऊन: "उद्या. मी पाळी नसताना, कुणाचं मान्य नसताना, दादाची फळी उचलली आहे. नियम मोडला. माझा कोंबडा जमा करावा." आणि काय सांगू, आजवर ज्यांच्या उत्तरासाठी बिड्यांवर बिड्या संपत, त्यांचे चार "मान्य" डोळ्याची पापणी लवते न लवते तोच आले. मी विचारलं, "हे मान्य पाण्याला की कोंबड्याला?" साडू म्हणाले, "ते नियमात स्पष्ट केलेलं नाही."

इतक्यात दादा घरातून बाहेर आले. ते पलीकडच्या बांधावर येऊन उभे राहिले, भावाकडे न बघता पाण्याकडे बघत राहिले, आणि त्यांनी बिडी पेटवली. त्यांनी ती सावकाश ओढली.  बिडी संपली, दादांनी थोटूक टाचेखाली चिरडलं, आणि मला वाटलं हे आता पाठ फिरवणार. तेवढ्यात ते ओरडले, "फळी टाक रं येड्या! किती सोडशील? बांध जाईल माझा!"

साडूंनी चौघांना न विचारता फळी टाकली. टाकताना त्यांचा पाय घसरला, ते चिखलात बसले आणि तिथेच बसून लहान मुलासारखे हसायला लागले. संध्याकाळी साडूंचा कोंबडा शिजला. जेवायला सातही घरची माणसं होती, गुरुजी तत्त्व म्हणून नुसता रस्सा घेत होते. दादांनी दोनदा वाढून घेतलं, हात धुतले आणि एवढंच म्हणाले, "आमचा बरा होता." साडू म्हणाले, "हो दादा." दुसरा साक्षीदार त्यांनी मागितला नाही.

आता पाटावर नवा पाटकरी आला आहे. गुरुजींनी शेत विकलं, तिथे मुंबईच्या कुणाचा तरी बंगला झाला आहे आणि त्याच्या निळ्या हौदात पोहायला कुणी नसतं. मंडळावर आता मान्य-बिन्य कुणी लिहीत नाही. लग्नाच्या पत्रिका येतात आणि सकाळी फुलांची चित्रं येतात. गेल्या भाद्रपदात दादा गेले. दोन दिवस ताप, बस्स. त्यांचा फोन त्यांच्या घरात फडताळात पडून आहे. मुलं नोकरीला लांब, म्हणून शेत साडूच करतात. मंडळात दादांचं नाव अजून आहे. काशीमावशी एकदा म्हणाली, "काढा की त्येंचं नाव, बघून जीव तुटतो." साडूंनी तिला सांगितलं, की यातून कुणाला काढता येत नाही, तसा नियमच आहे. पूर्वी या नियमावर मी पोट धरून हसलो होतो. आता मला तो नियम बरा वाटतो.

परवा करवंदं आणायला गेलो होतो. दादांच्या शेताच्या पाळीचा दिवस होता. नवा पाटकरी सांगून गेला होता, की पाणी घ्या. साडू बांधावर उभे होते. त्यांनी मंडळावर लिहिलं, "दादा, तुझ्या खाचराला पाणी लावू का?" मग खिशातून बिडी काढली. साडूंनी जन्मात बिडीला तोंड लावलेलं नाही, आताही लावलं नाही. पेटवून त्यांनी ती फळीच्या कडेला ठेवली आणि बघत उभे राहिले. बिडी अशी आहे, की ओढली नाही तर ती विझते. विझली तशी त्यांनी ती पुन्हा पेटवली. थोड्या वेळाने पुन्हा विझली, पुन्हा पेटवली. शेवटी मीच म्हटलं, "साडूभाऊ, पाणी पुढे चाललंय, उचला फळी." त्यांनी काडेपेटी खिशात टाकली नाही. म्हणाले, "थांबा जरा. दादाची बिडी अजून ओढून झालेली नाही."